पूर ओसरल्यावर पुलाची विचारपूस

आषाढ-श्रावणात वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर पडल्या की निपाणी-चिकोडी भागातील जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गही बंद पडला होता. पाणी उतरले, खांबांना अडकलेले उसाचे पाचट निघाले, माथ्यावरचा गाळ खरवडला गेला, की ‘पूल शाबूत आहे’ एवढ्या निर्वाळ्यावर रहदारी सुरू होते. या पुलांविषयी माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे, आणि म्हणूनच हा निर्वाळा मला अपुरा वाटतो.

पुराचा खरा घाव माथ्यावर नव्हे, पायावर बसतो. खांबाला आपटून प्रवाह खाली वळतो, भोवरे धरतो आणि पायाशेजारची माती-वाळू उकरून नेतो. वेग मंदावला की त्याच खड्ड्यात सैल गाळ भरतो, आणि वरून पाहणाऱ्याला नदीचा तळ जिथल्या तिथे असल्याचा भास होतो. त्यातच भेगांतून झिरपलेले पाणी सळ्यांना गंज चढवते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. महाडचा सावित्रीवरील १९२८ चा दगडी पूल अनेक पूर सोसून २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्रीच्या पुरात कोसळला व दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. कारवारचा काळी नदीवरील जुना काँक्रीटचा पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी पडला, तेव्हा त्याचे वय जेमतेम चाळीशीचे होते. मागचा पूर सोसला, ही पुढच्या पुराची हमी नव्हे.

आमच्या मुलखात आणखी एक पेच आहे. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात. पाणी हद्द ओळखत नाही, दफ्तरे मात्र ओळखतात. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो, पण तोवर दोन्ही राज्यांच्या बांधकाम खात्यांनी पूर ओसरताच संयुक्त पंचनामा करावा, पायाजवळचा तळ मोजून पाहावा, प्रत्येक पुलाची नोंदवही ठेवावी आणि ती ग्रामपंचायतीत वाचावयास मिळावी. बंधाऱ्यांचे बरगे काढण्याची तजवीज दरसाल वेळेवर करता येते, तर या तपासणीचीही करता येईल. ती झाल्याविना जड वाहन पुलावर घालू देऊ नये.