पोटात दुखतं म्हणजे काय?

गेल्या वर्षी, सहावीत असताना, माझ्या मुलीला दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. सोमवारी पहिला तास गणिताचा. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. वर्गात बाईंनी सर्वांदेखत "नाटकं पुरे" म्हटलं. खरं सांगायचं तर घरी मीही तेच म्हटलं होतं, फक्त जरा सौम्य शब्दांत.

मी बी.ए.वाला, सरकारी फायली सरकवणारा माणूस. विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटला. डोक्यात राहिली ती शाळेतली आकृती: तापल्या भांड्याला लागलेलं बोट, बोटातून निघालेली रेघ, वर मेंदू. जखम असेल तर दुखणं, नसेल तर नाटक.

आता थोडं वाचल्यावर कळतं, नसा दुखणं वाहून नेतच नाहीत. त्या नेतात धोक्याची खबर. तिचं काय करायचं ते मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात. (आमच्या खात्यासारखंच. खालून गेलेल्या टिपणावर वर काय शेरा पडेल, सांगता येत नाही.) चवथीला माटोळी बांधताना बोट कापतं आणि आरती संपल्यावर, रक्त दिसल्यावर ठणकायला लागतं. उलट भीतीनं, जागरणानं साधी कळही मोठी होते. पडल्यावर आजी गुडघा चोळायची नि बरं वाटायचं. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली त्याची उपपत्ती मांडली: मज्जारज्जूत जणू एक दार असतं, स्पर्शाच्या नसा जाग्या झाल्या की ते ओढून घेतलं जातं. मुलांना सांगायला याहून सोपं काय हवं?

याचा अर्थ सगळे मनाचे खेळ, असा मात्र नव्हे. भीतीनं पोट खरंच आवळतं. आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं असेल तर डॉक्टरच गाठावा, हेही त्याच धड्यात यायला हवं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा दुखतंय म्हणणाऱ्याच्या शब्दाचा मान राखावा असं स्पष्ट लिहिलं. आमच्या शाळांपर्यंत ते अजून पोचायचंय.

मुलीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे बाबा, मी खोटं बोलत नव्हते ना?" मला मान वर करता आली नाही.

सहावीला वर्षातून दोन तास यासाठी द्यावेत, असा अर्ज मी शाळेत दिला आहे. पोच मिळाली आहे.