विमा संपलेली गाडी आज रस्त्यावर काढू नका

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्यतृतीया. आपल्याकडे कितीतरी गाड्या याच मुहूर्तांवर दारात येतात, त्यामुळे त्यांचा विमाही पुढे याच दिवसांच्या तोंडावर संपतो. आणि नेमकी तेव्हाच घरात पैशांची ओढाताण असते. बोनस हातात पडलेला नसतो, सोयाबीनचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले असतात, किराणा, कपडे, पाहुणे सगळं एकदम आलेलं असतं. एजंटचा फोन येतो. आपण म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू." गाडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी बाहेर निघते.

ही कळकळीची विनंती त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी आहे. पैसे नसतील तर विम्यातलं काय सोडायचं आणि काय कोणत्याही परिस्थितीत सोडायचं नाही, एवढं कृपा करून समजून घ्या.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वकिली करताना दोन्ही बाजूंची माणसं जवळून दिसतात. एका बाजूला ज्यांच्या घरातला माणूस गेला ते, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या गाडीखाली गेला ते. गाडीला विमा असेल तर नुकसानभरपाईचा भार कंपनी उचलते. विमा नसेल तर दोन साधी कुटुंबं एकमेकांसमोर उभी राहतात, आणि त्यातलं एकही सावरत नाही.

रस्त्यावर पोलिसांनी अडवलं तर काय, याचा हिशेब लोकांना ठाऊक असतो. विम्याविना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. गाडी दुसऱ्याला चालवायला देणाऱ्यालाही हीच शिक्षा होऊ शकते. पण लोकांच्या डोक्यात दंडाचा आकडाच बसलेला आहे आणि तोच घातक ठरतो. दोन हजारांचा धोका पत्करून चार हजार वाचवले, असं वाटत राहतं. खरा आकडा वेगळाच आहे.

समजा, ३२ वर्षांचा एक गवंडी, महिन्याला १५,००० रुपये कमावणारा. घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. तुमच्या गाडीच्या धडकेत तो गेला आणि चूक तुमची ठरली. भरपाई कशी काढायची हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिलं आहे. वर्षाचं उत्पन्न १,८०,०००. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की उरतात १,८९,०००. त्याच्या वयाला १६ चा गुणक लागतो. झाले ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी आणि घरच्यांनी गमावलेल्या सहवासाची रक्कम वेगळी, व्याज वेगळं. मजुरी करणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे. त्याच्या जागी बँकेतला अधिकारी किंवा संगणक अभियंता असेल तर आकडा कुठे जाईल, ते तुम्हीच मांडून बघा. चूक कोणाची हे न बघता मागता येणारी भरपाईसुद्धा मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे, आणि विमा नसेल तर तीही गाडीमालकानेच द्यायची.

"माझ्याकडे आहेच काय, घेतील काय?" असं अनेक जण म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमानुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकतं आणि मग ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ज्यांनी महसुलाची वसुली पाहिली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. शेत, राहतं घर, सगळंच त्या कक्षेत येतं. मालक वारला तरी वारसांना मिळालेल्या मालमत्तेवर हे देणं राहतंच. शिवाय विमा नसलेली गाडी अपघातानंतर पोलिसांनी जप्त केली की पुरेसं तारण दिल्याशिवाय ती सोडू नये आणि तारण आलंच नाही तर तिचा लिलाव करावा, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना सांगितलं. म्हणजे जिच्यावर पोट चालतं ती गाडीही जाते.

त्या गवंड्याच्या बायकोचाही विचार करा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून निदान २ लाख रुपये मिळतात. गाडी सापडली, पण तिला विमा नाही, तर त्या योजनेचा दरवाजा बंद आणि मालकाकडून मिळायचं ते त्याच्या कुवतीइतकंच, तेही वर्षानुवर्षं चकरा मारून. हातात लाखोंचा निवाडा आणि घरात मुलांच्या शाळेला पैसे नाहीत, ही अवस्था फार वाईट असते. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं गेली. देशातली निम्म्याहून अधिक वाहनं विम्याविना असल्याचं संसदेच्या स्थायी समितीनेच नोंदवलं आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

आता मुद्द्याचं. एजंट सांगतो तो हप्ता दोन भागांचा असतो. एक भाग तुमच्या गाडीच्या नुकसानीचा आणि दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे होईल त्याचा. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी. अठरा-वीस हजारांचा आकडा ऐकून माणूस सगळंच सोडून देतो, आणि त्यातला थर्ड पार्टीचा भाग किती लहान आहे हे त्याला कोणी सांगतच नाही. जून २०२२ पासूनचे सरकारी दर असे: १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंतच्या कारला ३,४१६, आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे छोट्या कारला महिन्याला साधारण दोनशे रुपये, आणि स्कूटरला महिन्याला सत्तर. त्या बदल्यात मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. तीस लाख असो की तीन कोटी, देणं कंपनीचं. कारच्या बाबतीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीलाही साडेसात लाखांपर्यंत संरक्षण आहे. हा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. त्यामुळे चार ठिकाणी भाव विचारत दिवस घालवू नका.

तेव्हा हात आखडताच घ्यायचा तर आधी झिरो डेप आणि इतर जादा कव्हर काढा. तरी जमत नसेल तर स्वतःच्या गाडीचा विमा सोडा आणि नुसता थर्ड पार्टी घ्या. माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षं जुन्या गाडीचा बंपर स्वतःच्या खिशातून बदलता येतो, माणसाच्या मरणाची भरपाई देता येत नाही. अर्थात यात तोटा आहे, तो लपवणार नाही. स्वतःच्या गाडीचा विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असेल तर ते मोठं नुकसान आहे. थर्ड पार्टीत गाडी चोरीला गेली किंवा पुरात बुडाली तर काही मिळत नाही. चिपळूण, सांगली, कोल्हापूरच्या लोकांनी आणि दर पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या वस्त्यांतल्या लोकांनी हे आधी तोलावं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची अट वेगळी असते. शिवाय खासगी गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टीत आपल्याच कारमध्ये बसलेले किंवा स्कूटरवर मागे बसलेले सहसा येत नाहीत. निदान स्वतःसाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तरी सोबत घ्या, तो काहीशे रुपयांत मिळतो.

टेम्पो, टॅक्सी चालवणाऱ्यांचं दुखणं मोठं आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ताच सोळा हजारांच्या घरात आहे, आणि धंदा बसलेल्या वर्षी ते एकरकमी उभे करणं सोपं नाही. पतसंस्थांच्या संचालकांना, बचत गटांना, टॅक्सी-टेम्पो संघटनांना हात जोडून सांगणं आहे: विम्याच्या हप्त्यासाठी छोटं, झटपट कर्ज सुरू करा. सभासदाची गाडी विम्याविना फिरली तर उद्या त्याच्या घरावर येणारा बोजा तुमच्या कर्जाच्याही आड येणार आहे. ज्यांच्याकडे ड्रायव्हर कामाला आहेत त्या मालकांनीही आपल्या गाड्यांच्या तारखा आज तपासाव्यात. आणि एजंट मंडळींनो, गिऱ्हाईक "यंदा नको" म्हणालं की फोन ठेवू नका. नुसता थर्ड पार्टीही मिळतो, एवढं वाक्य सांगा.

काही गैरसमज मात्र जीवघेणे आहेत. मोटार विम्याला सवलतीचे दिवस नसतात. पॉलिसीवर लिहिलेल्या दिवशी मध्यरात्री संरक्षण संपतं. अपघातानंतर धावत जाऊन पॉलिसी काढली तरी ती मागे लागू होत नाही. हप्ता कंपनीच्या हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे चेक परत गेला तर हातातला कागद तारून नेईल या भरवशावर राहू नका. नवी कार घेताना ३ वर्षांचा आणि दुचाकी घेताना ५ वर्षांचा थर्ड पार्टी सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, म्हणून बरेच जण निर्धास्त राहतात आणि चौथ्या किंवा सहाव्या वर्षी फसतात. अर्ध्या किमतीत कोणी व्हॉट्सॲपवर पॉलिसी पाठवत असेल तर ती बनावट असू शकते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून खात्री करा. आणि गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

हे वाचून झालं की डिकीतला किंवा फोनमधला विम्याचा कागद काढा आणि थर्ड पार्टीची शेवटची तारीख वेगळी शोधा. गावी वडिलांची मोटारसायकल असेल तर त्यांना फोन करून तिची तारीख विचारा. तारीख उलटली असेल तर कोणत्याही कंपनीच्या संकेतस्थळावर नुसता थर्ड पार्टी काढता येतो, त्यासाठी गाडीची तपासणी सहसा लागत नाही. पैसे भरल्यावर पॉलिसीवर ती सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. ती वेळ येईपर्यंत गाडी आवारातच राहू द्या, किल्ली घरातल्या कोणालाही देऊ नका आणि कामावर एसटीने, लोकलने, शेजाऱ्याच्या गाडीने जा.