तारांकित उकाडा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर ऐटीत सांगतात. हवेच्या बाबतीत मात्र जर्मनीने या जोडीत पडू नये. तिथल्या ‘पॅसिव्हहाउस’ मानकानुसार वर्षातले दहा टक्क्यांहून अधिक तास आतले तापमान २५ अंशांवर राहिले, तर इमारत नापास. परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, आणि इथल्याच कृषी विद्यापीठाने जानेवारी २००३ मध्ये २.८ अंशांचीही नोंद केली आहे.

अशा गावात ‘हरित’ कचेरी बांधली, तर तिची परीक्षा घ्यायची कोणी? आज ती बरीचशी नकाशे आणि हिशेबच घेतात. वीज, पाणी, बांधकाम साहित्य यांचे गुण जमले की मानांकन मिळते, दारात पाटी लागते. आत बसणाऱ्याला उकडते का, हे विचारण्याला अमेरिकेच्या ‘लीड’ मानांकनाच्या २००९ च्या आवृत्तीत ११० पैकी १ गुण होता, तोही ऐच्छिक. सायकली ठेवायला जागा केली तरी तेवढाच गुण मिळे!

आपल्याकडे हे विचारले गेलेच नाही, असे नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या कचेऱ्यांत बसणाऱ्यांची सहा हजारांवर उत्तरे गोळा केली. खिडक्या उघडता येत असतील तर उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपासही भारतीय माणसाला बरे वाटते, असे त्यातून निघाले. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे गणित आलेही. तरी आपण उन्हाच्या तोंडावर काच लावतो, खिडक्या कायमच्या बंद करतो आणि एसी १८ वर ठेवतो. मग साहेबांच्या दालनात शाल लागते, बाहेरच्या बाकड्यावर घाम निथळतो. लाइट गेली की मात्र सगळे समान.

म्हणून जुन्या, मातीच्या छताच्या माळवदी घरांचे गोडवे गायला नकोत. ती पावसात गळतात, माती टाकून टाकून माणूस थकतो. पण त्यांच्या जाड भिंती दुपारच्या उन्हाला लगेच भेदता येत नाहीत, एवढे तरी वास्तुविशारदांनी उचलावे.

आणि शासनाने एक करावे. परभणीतल्या कुठल्याही नव्या इमारतीला मानांकनाचे तारे देण्याआधी एक मे आणि एक जानेवारी जाऊ द्यावा. मग आवक-जावक टेबलावरच्या लिपिकाला आणि दाखल्यासाठी ताटकळलेल्या शेतकऱ्याला विचारून गुण भरावेत.