भाऊजींची दाढ

मैत्रिणींनो, माझे धाकटे दीर ३८ वर्षांचे. बौद्धिक दिव्यांग आहेत, मुलुंडला आमच्याकडेच असतात. रोजची भाजी निवडायचं काम त्यांचं. गेल्या पावसाळ्यात मात्र ते ताट सारू लागले, गालावर बुक्क्या मारून घेऊ लागले. एका दवाखान्यात सांगितलं, "अशांचं असंच चालायचं." झोपेच्या गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी सासूबाईंनीच तोंड उघडायला लावून पाहिलं, तर दाढ किडून हिरडी सुजलेली! दाढ काढली आणि भाऊजी पुन्हा भाजी निवडायला बसले.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. झोप, भूक, वजन, शौच, चालू औषधं आणि दुखलं की ते काय करतात, सारं त्यात लिहिते. डॉक्टरांपुढे वहीच ठेवते. वागणं अचानक बदललं, तर आधी दात, कान, पोट तपासायला सांगा. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईडही. शक्य तर पहिलाच नंबर मागून घ्या. गर्दीत ताटकळलं की ही माणसं बिथरतात.

आणखी एक. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. १८ वर्षांनंतर १९९९ च्या कायद्याखाली पालकत्व घेता येतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करायचा. आपल्या उपनगर जिल्ह्याची कचेरी वांद्रे पूर्वेला.

सासूबाई आता ७६ च्या. आम्ही कागद जमवायला घेतलेत. तुम्हीही लांबणीवर टाकू नका, बरं का!