आधी तारा, मग शस्त्रक्रिया



मागच्या महिन्यात बियाण्यांच्या बैठकीसाठी एका गावी गेलो होतो. बैठक आटोपल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. म्हणाले, "साहेब, पोराचा खालचा जबडा पुढं आहे. ऑपरेशनआधी तारा बसवल्या, त्याला वर्ष झालं. आता तर जबडा जास्तच पुढं दिसतोय. तारा काढून टाकाव्यात म्हणतो."

मी म्हटले, "अण्णा, आधी डॉक्टरांना विचारू." दोघे मिळून गेलो. तिथे समजले ते तुम्हालाही सांगतो.

जबडा पुढे वाढला की दात आपल्या परीने जुळवून घेतात. खालचे दात आत झुकतात, वरचे बाहेर कलतात. त्यामुळे खरा दोष थोडा झाकला जातो. तारांनी दात सरळ उभे केले की झाकलेला दोष उघडा पडतो. दात तसेच ठेवून शस्त्रक्रिया केली, तर जबडा पुरेसा मागे घेता येत नाही. नांगरलेले रान ढेकळांनी ओबडधोबड दिसते, म्हणून कोणी नांगरट अर्धी सोडतो का?

कामाचा क्रम साधारण असा असतो :

१. जबड्याची वाढ थांबू द्यावी. मुलींची वाढ आधी थांबते. मुलांची बहुधा १८ वर्षांनंतर. घाई केल्यास जबडा पुन्हा वाढून दोष परत येऊ शकतो.

२. तारा बसवाव्यात. याला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते. अक्कलदाढा काढायच्या असतील, तर त्या शस्त्रक्रियेच्या काही महिने आधी काढतात.

३. मग शस्त्रक्रिया. चिरा बहुतेक तोंडाच्या आतूनच देतात. दोन्ही जबडे हलवायचे असल्यास बहुधा वरचा आधी बसवतात आणि त्याच्या मापाने खालचा. हाडे टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी जोडतात.

४. नंतर आणखी काही महिने तारा ठेवून दात नीट जुळवतात.

काही निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया आधी करतात. पण ते तज्ज्ञांनीच ठरवायचे.

घरच्यांनीही तयारी ठेवावी. पहिले काही दिवस पेज, ताक, वरणाचे पाणी. मग मऊ खिचडी. भाकरीला दीड-दोन महिने थांबावे लागते. ओझे उचलणे बंद. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ऐन सुगीत घेऊ नये. खालचा ओठ बधिर होतो. बहुतेकांचा हळूहळू सुधारतो, थोड्यांचा कायम राहतो. हे आधीच विचारून घ्यावे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे दाखवता येते. तारा लावणारे आणि शस्त्रक्रिया करणारे, दोन्ही डॉक्टरांनी सुरुवातीलाच एकत्र बसून आराखडा करायला हवा.

परत येताना एस.टी.त अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगं आरशात बघून रडायचं, साहेब. कुणी आधी सांगितलं असतं, तर धीर दिला असता."

तारा राहिल्या आहेत. शस्त्रक्रिया सुगीनंतर ठरली आहे.