पुढे नवे, मागे जुने – हे कुणी शिकवलं?



आज डब्बे, वाळवणं, पर्वाचा स्वयंपाक सगळं बाजूला. आज दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बघायचं आहे, आणि जरा भांडायचं आहे.

भांडण एका सवयीशी आहे. गाडीचे पुढचे दोन टायर घासले की दोन नवे आणायचे आणि पुढे बसवायचे, मागचे आहेत तसे राहू द्यायचे. एखादा खड्ड्यात फाटला तर एकच घ्यायचा, दुकानात जो असेल तो. चार-पाच वर्षांत त्या गाडीला चार चाकं चार घरची होतात. एक या कंपनीचं, दुसरं त्या कंपनीचं, तिसऱ्याची नक्षी वेगळी, चौथं तर कुणाच्या तरी ओळखीनं आलेलं जुनं. विचारलं की घरोघरी उत्तर एकच: “अजून चालतंय की!”

ब्लाउजपीसची छटा जराशी हुकली तर भर उन्हात दुकानात परत जाणाऱ्या बायका आपण. बांगडीचा जोड फुटला तर उरलेली एकटी घालत नाही. आणि ज्या चाकांवर सासूबाईंना, लेकरांना बसवून घाट उतरतो, त्यांचा जोड मात्र जुळला नाही तरी चालतो. का, तर ते ‘पुरुषांचं खातं’!

टायर रस्त्याला टेकतो तो साधारण आपल्या तळहाताएवढा. एवढी मोठी गाडी चार तळहातांवर उभी असते. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या चार तळहातांचं काम. त्यातला एक नवा आणि दुसरा गुळगुळीत असेल तर ब्रेक दाबल्यावर दोघं सारखं धरणार नाहीत, आणि गाडी एका बाजूला ओढ घेऊ शकते.

जरा हिशेब करू. आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांना १६५/८० आर १४ मापाचा टायर असतो. नव्याचा घेर जवळजवळ १ मीटर ९५ सेंटिमीटर. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. त्यातल्या पाच मिलिमीटर झिजल्या की घेर तीन सेंटिमीटरनं कमी होतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला झिजलेलं चाक नव्यापेक्षा आठेक फेऱ्या जास्त मारतं. एकाच एक्सलवर असे दोन बसवले तर त्यांच्यामधला गिअर (डिफरन्शियल म्हणतात त्याला) सरळ रस्त्यावरही सतत फरक सांभाळत बसतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत तर हा फरक पुढे भारी दुरुस्तीचा खर्च काढू शकतो. म्हणून निदान एका एक्सलवरचे दोन टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. यात चैन कसली आली?

आता ‘पुढे नवे’चं बघू. यामागे जे कारण देतात ते ऐकायला अगदी पटतं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वळायचं पुढच्यांनी, ब्रेकचा जास्त भारही पुढच्यांवर, मग नवे पुढेच नकोत का? बरेच दुकानदारही हेच सांगतात. पण टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः उलटं सांगतात. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा, मग गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असो की मागच्या.

कारण पाण्यात आहे. ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. खाचा उथळ झाल्या की पाणी सारायला जागा राहत नाही आणि वेगात असताना टायर पाण्यावर तरंगतो. पुढचे तरंगले तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि गाडी सरळ पुढे जाऊ बघते. घाबरून माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, आणि तिथे तेच बरोबर असतं. वेग उतरतो, चाकं पुन्हा रस्ता धरतात. मागचे तरंगले तर मात्र गाडीची शेपटी फिरते. तिथे घाबरून पाय काढला किंवा ब्रेक मारला की भार पुढे जातो, मागचं आणखी सुटतं आणि गाडी गरकन वळते. ती सावरायला सराईत हात लागतो. तुमच्या-माझ्या घरातल्या कुणाचा आहे तसा हात? “आमच्या गाडीला एबीएस आहे” असं सांगू नका. एबीएस असलेली पकड नीट वापरतं. नसलेली कुठून आणणार?

आणि ओला रस्ता आपल्याला भेटतो कधी? चातुर्मासात. विचार करा बरं. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू वाढतात, पायाखाली हिंसा नको, म्हणून मुनी महाराज आणि माताजी चार महिने एका गावी थांबतात. आणि आपण नेमक्या त्याच चार महिन्यांत गाड्या काढतो! रविवारी या गावाला दर्शन, पुढच्या रविवारी त्या गावाला, पर्युषणात दहा दिवस रोज प्रवचनाला. कोल्हापूर-सांगलीकडचा पाऊस, एका गाडीत सात जण, मांडीवर लहान मूल, आणि मागे दोन गोटा टायर. दर्शनाला जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. जुलै उजाडायच्या आत खाली वाकून टायर बघा, एवढंच म्हणतेय.

चातुर्मास संपला की विहार सुरू होतो. विहारात पहाटेच्या अंधारात मागून आलेल्या गाडीखाली साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या? प्रत्येक वेळी आपण निवेदनं देतो, पायवाट मागतो, संरक्षण मागतो. मागायलाच हवं. पण त्या रस्त्यावर आपलीही गाडी असते ना? गुळगुळीत टायरची गाडी ओल्या रस्त्यावर उशिरा थांबते, मग ती कुणाचीही असो. इर्यासमिती म्हणजे पुढची जमीन बघून पाऊल टाकणं, हे पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. ताशी ८० किलोमीटरनं चाललेल्या पावलाचं काय?

यावर हमखास येणारा टोला मला माहीत आहे. “ताई, आपण अपरिग्रह मानणारे, चालतंय ते टाकायचं कशाला?” हा शब्द इथे वापरणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्याच घरात सोफा तीन वर्षांत बदललेला असतो. चिक्कूपणाला व्रताचं नाव देऊ नये. लहान गाडीचा चांगला टायर चार-पाच हजारांच्या घरात मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. काटकसर करायचीच तर हवेत करा. दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. कमी हवेत टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, तापतात, कडेनं घासतात आणि एक दिवस फुटतात. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे चारही सारखे झिजतील आणि जोड जुळवायचा प्रश्नच उरणार नाही. पैसे वाचतात ते इथे. (नायट्रोजन भरून घ्या म्हणून मागे लागतात तेव्हा एवढंच आठवायचं, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच.)

किती घासला म्हणजे बदलायचा, याला ‘नजरेचा अंदाज’ लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मोटार वाहन नियमांत गाडीसाठी ही हद्द १.६ मिलिमीटर आहे. पण पावसाच्या मुलखात तिथपर्यंत थांबू नये, तीन मिलिमीटरलाच नव्याची तयारी करावी, हे माझं मत. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा परिवहन खात्याला प्रवेशावर उभं राहून टायर तपासावे लागले, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला त्या रस्त्यानं जाणारे आपलेच लोक आहेत. तासन्तास १२० च्या वेगानं, तापलेल्या रस्त्यावर!

जुन्या टायरच्या बाजाराबद्दल एकच सांगते. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नव्या खाचा पाडून, काळा रंग फासून तो ‘कमी वापरलेला’ म्हणून विकतात. खाच पडते ती आतल्या पट्ट्यांवर उरलेल्या थोड्याशा रबरात. घेऊ नका. कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

नव्यातही बघून घ्यावं लागतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गावातल्या एका दुकानात मी ते बघायला वाकले तर दुकानदार म्हणाला, “वहिनी, माल एकदम फ्रेश आहे, साहेबांना पाठवा की.” एकावर ३२२४ होतं, जोडीच्या दुसऱ्यावर १४२१. म्हटलं, “दादा, हा दुसरा २०२१ च्या एप्रिलचा आहे. जुनं पीठ नव्यात मिसळून देऊ नका.” तो हसला आणि म्हणाला, नक्षी एकच आहे ना! रबर न वापरताही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कितीही चांगला दिसला तरी काढा, असं कंपन्याच सांगतात. मी तिथून उठले आणि दुसरीकडून एकाच महिन्याचा जोड घेतला. बिलावर ते चार आकडे लिहून मागितले. लिहून देतात, मागावं लागतं.

आणखी एक गोष्ट मनात सलते. घरात नवी गाडी आली की जुनी कुणाला जाते? सुनेला, नाहीतर हॉस्टेलवर राहणाऱ्या लेकीला. “तिला काय, गावातल्या गावात तर चालवायची.” मग बरे टायर काढून इकडे, घासलेले तिकडे. शिकाऊ हातांना सगळ्यात वाईट चाकं देणारं हे गणित मला आजवर कळलेलं नाही. घरात एकच नवा जोड परवडत असेल तर तो आधी तिच्या गाडीला, मागच्या बाजूला.

आणि खरंच एकच टायर फाटला, बाकीचे ठीक आहेत, तर? स्टेपनी काढून बघा. त्याच मापाची, त्याच नक्षीची आणि वयानं जुनी नसेल, तर एक नवा घेऊन त्या दोघांचा जोड मागे लावता येतो. मागच्यांतला चांगला पुढे आणा, फाटलेल्याच्या जोडीदाराच्या झिजेशी ताडून बघा, आणि उरलेला स्टेपनीच्या जागी ठेवा. पण हल्ली पुष्कळ गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते, वर ताशी ८० चा स्टिकर असतो. ती फक्त दुकानापर्यंत पोचायला. तिच्यावर आठवडाभर फिरणारे मी पाहिलेत. तेव्हा या रविवारी डिकीतलं सामान बाहेर काढा, पाणी-सरबताच्या बाटल्या, चटया, पूजेच्या पिशव्या सगळं. खाली ती बिचारी बहुतेक हवेविना पडलेली असेल. तिच्यातही हवा भरून घ्या, आणि तिचेही चार आकडे वाचा.