बलुत्याचा हिशेब आणि जपानी अभ्यासक

महाराष्ट्रातील बलुतेदार नेमका कोणाचा सेवक होता: एकेका कुटुंबाचा की समस्त गावाचा? प्रश्न वरवर किरकोळ भासतो. परंतु जुन्या गावगाड्याचे अर्थकारण त्याच्या उत्तरावरच उभे आहे. विल्यम वायझर यांनी १९३६ साली उत्तर भारतातील एका खेड्याच्या पाहणीवरून 'जजमानी' पद्धतीचे चित्र रेखाटले आणि पुढे अनेकांनी तेच सर्व भारताला लागू केले. महाराष्ट्रापुरता या समजुतीला छेद दिला तो एका जपानी इतिहासकाराने. हितोत्सुबाशी विद्यापीठातील हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ साली अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, येथील सुतार, लोहार, महार हे गावाचे वतनदार सेवक होते आणि बलुते हा त्यांचा गावाकडून मिळणारा हक्क होता. त्यांचे निबंध १९९१ साली ग्रंथरूपाने संकलित झाले. हिरोयुकी कोतानी यांनीही पश्चिम भारताच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास पुढे चालविला.

हे शक्य झाले ते परक्या समाजाची भाषा आत्मसात करण्याच्या चिकाटीमुळे. याची परतफेड मात्र आपल्याकडून झालेली नाही. पुण्यामुंबईत जपानी शिकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांची दृष्टी दुभाष्याच्या नोकरीवर असते, जपानच्या दप्तरखान्यावर नव्हे.

रत्नागिरीला तर या अभ्यासाची विशेष निकड आहे. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ साली. त्याच सुमारास, १९४६ पासून, जपानमध्ये गैरहजर जमीनदारांच्या जमिनी कुळांच्या मालकीच्या होत होत्या. तेथील सुधारणा इतक्या झपाट्याने कशी पार पडली आणि कोकणातील कुळाला कचेरीचे उंबरठे का झिजवावे लागले, याचे उत्तर दोन्हीकडील कागद वाचणाराच देऊ शकेल.

याच जिल्ह्यात जन्मलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले. विद्वत्तेला इतका अवधी लागतो. महाविद्यालयांनी इतिहासाच्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला मोडी आणि जपानी या दोन्ही शिकण्यासाठी पाच वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. आपला हिशेब परक्याने मांडून दिला, याबद्दल कृतज्ञता अवश्य असावी. पण हिशेबाची वही कायमची त्याच्याच हाती राहू देणे शोभादायक नाही.